मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, मुंबईचे गव्हर्नर

मुंबईस शिकावयास गेलेल्या एखाद्या मुलाच्या तोंडून एल्फिन्स्टन हें नांव आमच्या खेड्यांतील पुष्कळ मंडळींच्या कानीं आलें असेल. कॉलेजास तें नांव, हायस्कुलास तें नांव, आणि इ. स. २०१८ पर्यंत आगगाडीच्या एका स्टेशनासही तेंच नांव होतें. येथें एक खुलासा आरंभींच केलेला बरा. स्टेशनास ज्यांचें नांव होतें ते लॉर्ड एल्फिन्स्टन निराळे; ते आमच्या चरित्रनायकांचे पुतणे होत. काका आणि पुतणे दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यामुळें लोकांची गफलत होते. पुतण्यांचें काम ह्या चरित्राच्या शेवटीं पडणार आहे, म्हणून वाचकांनीं दोघांस वेगळें ध्यानांत ठेवावें.

आम्हांस आज सांगावयाचें आहे तें काकांविषयीं. पेशवाई संपवून महाराष्ट्रांत इंग्रजी अंमल बसविणारे ते हेच. मुंबई इलाख्यांत सरकारच्या आश्रयानें मराठी शाळांचा पाया घालणारेही हेच. त्यांच्या सज्जनपणाविषयीं शत्रूंनींही फारसा वाद घातला नाहीं. परंतु त्यांच्या हातचें एक टिपण असें आहे कीं, त्याचा संबंध थेट आमच्या वाडवडिलांशीं पोंचतो. गौरवाच्या चरित्रांत तें बहुधा गाळलेलें असतें. आम्ही तें गाळणार नाहीं.

मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा जन्म ता. ६ आक्टोबर १७७९ रोजीं स्कॉटलंडांत एका सरदार घराण्यांत झाला. ते चौथे पुत्र, म्हणून बापाची पदवी त्यांच्या वांट्यास येणारी नव्हती. एक चुलते कंपनी सरकारच्या डायरेक्टरांपैकीं होते. त्यांच्या वशिल्यानें मुलास हिंदुस्थानांत नोकरी मिळाली. इ. स. १७९६ सालीं ते कलकत्त्यास उतरले तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. शाळा अर्धवट सुटली होती. पुढें जें कांहीं शिकले तें स्वतःच्या हौसेनें, तंबूंत, कूच चालू असतां, पहाटे दिव्याजवळ बसून शिकले. फारसी काव्य आणि ग्रीक लोकांचे जुने ग्रंथ हें त्यांचें आवडतें वाचन, आणि भाला घेऊन घोड्यावरून डुकराची शिकार करणें हा त्यांचा आवडता खेळ. दोहोंचा मेळ एका माणसांत क्वचित् दिसतो. त्यांनीं लग्न केलें नाहीं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षींच मरण दाराशीं येऊन गेलें. इ. स. १७९९ च्या जानेवारींत काशीस अयोध्येचे पदच्युत नबाब वजीर अली यांच्या माणसांनीं तेथील इंग्रज अंमलदारांची कत्तल आरंभिली. एल्फिन्स्टन घोड्यावर बसून निसटले. पाठलाग करणारे स्वार मागें राहिले म्हणून जीव वांचला.

त्यानंतर थोड्याच काळानें त्यांची नेमणूक पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं असलेल्या इंग्रज वकिलाचे मदतनीस म्हणून झाली. महाराष्ट्राशीं त्यांचा संबंध येथून जडला. इ. स. १८०३ च्या लढाईंत ते जनरल वेलस्ली यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून होते, आणि आसई, अडगांव व गाविलगड हीं तिन्ही ठिकाणें त्यांनीं जवळून पाहिलीं. हा गृहस्थ शिपाई व्हावयाचा तो चुकून कारकून झाला, अशा आशयाचें वेलस्ली त्यांच्याविषयीं बोलले असें सांगतात. मग चार वर्षें नागपूरकर भोंसल्यांच्या दरबारीं गेलीं. इ. स. १८०८ सालीं अफगाणिस्थानच्या अमिराकडे वकील म्हणून त्यांची रवानगी झाली. पेशावर येथें शहा शुजा यांची व त्यांची भेट झाली. काबूल शहर मात्र त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. तह झाला, पण थोड्याच दिवसांत शहाची गादीच गेली, तेव्हां तहाचा कागद कोरा राहिल्यासारखाच झाला. ह्या खेपेचें खरें फळ म्हणजे त्यांनीं काबूलच्या राज्याविषयीं लिहिलेला मोठा ग्रंथ. तो इ. स. १८१५ सालीं छापला गेला.

इ. स. १८११ पासून ते पुण्यास रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे मुख्य वकील, होते. मुळा व मुठा ह्या नद्यांच्या संगमावर त्यांचा बंगला होता. दुसरे बाजीराव पेशवे गोड बोलणारे व कोणावरही विश्वास न ठेवणारे. त्यांचे लाडके कारभारी त्रिंबकजी डेंगळे. इ. स. १८१५ सालीं गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे पंढरपुरास देवळांतून परततांना रस्त्यांत मारले गेले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनीं घेतली होती. एल्फिन्स्टन साहेबांनीं त्रिंबकजींस मागून घेतलें व ठाण्याच्या किल्ल्यांत ठेविलें. तेथून ते पुढच्या वर्षीं पळाले. खिडकीखालीं घोड्यांची मालिश करणारा एक मराठा मोतद्दार गाणें म्हणत असे, आणि त्या गाण्यांतून पळून जाण्याचा बेत कैद्यास कळवीत असे. गोऱ्या पहारेकऱ्यांस मराठी कळत नव्हतें! हुकूम चालविणाऱ्यास रयतेची भाषा न येणें किती महाग पडतें ह्याचा हा धडा रेसिडेंट साहेबांनीं घेतला असावा असें आम्हांस वाटतें. कारण पुढें मराठी पुस्तकें छापण्याविषयीं त्यांनीं जी निकड दाखविली ती त्यांच्या बरोबरीच्या अंमलदारांत फार थोड्यांनीं दाखविली.

ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. इंग्रजांकडील फौज तीन हजारांहून कमी, पेशव्यांकडील तिच्या अनेक पट. पेशवे पर्वतीवरून लढाई पाहत होते; बापू गोखले मैदानांत होते. एल्फिन्स्टन साहेब बंगला सोडून फौजेंत जाऊन मिळाले, आणि त्यांच्या मागें संगमावरचा बंगला जळाला. त्यांत त्यांचीं सर्व पुस्तकें व कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें खाक झालीं. ज्याचें अर्धें आयुष्य पुस्तकांत गेलें त्यास हा घाव लहान नव्हता. तरीही पुढें पुण्याच्या लोकांवर त्यांनीं त्याचा सूड घेतल्याचें दिसत नाहीं. त्याच महिन्यांत पुणें इंग्रजांच्या हातीं आलें, आणि शहर लुटलें जाऊं नये म्हणून त्यांनीं खटपट केली.

जिंकलेल्या मुलखाचे कमिशनर म्हणून त्यांनीं जो कारभार केला त्यांत त्यांचा स्वभाव चांगला दिसतो. साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांस गादीवर बसविलें. इनामें, वतनें, देवस्थानांच्या नेमणुका बहुतेक जशाच्या तशा चालू ठेविल्या. गांवची पंचायत मोडूं नये, पाटील-कुळकर्ण्यांचें काम त्यांच्याकडेच असावें, जुनी घडी एकदम विसकटूं नये, असें त्यांचें मत होतें. इ. स. १८१९ सालीं सादर केलेल्या रिपोर्टांत त्यांनीं गांवगाड्याचें जें वर्णन केलें आहे तें आजही अभ्यासक वाचतात.

ह्या सौम्यपणास दुसरी बाजूही होती. नवा अंमल उलथून टाकण्याचा व इंग्रजांस मारण्याचा कट उघडकीस आला, तेव्हां त्यांतील प्रमुखांस तोफेच्या तोंडीं दिलें. मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर हें ऐकून घाबरले, आणि पुढें जाब द्यावा लागूं नये म्हणून माफीचा कायदा करून घ्यावा असें त्यांनीं सुचविलें. एल्फिन्स्टन साहेबांनीं तें नाकारलें. आपण चुकलों असलों तर शिक्षा भोगूं, चुकलों नसलों तर माफीची गरज काय, असा त्यांचा अभिप्राय पडला. धैर्य म्हणून हें मोठें खरें. पण ज्यांस तोफेच्या तोंडीं बांधलें त्यांच्या घरच्या मंडळींस ह्या धैर्याचें कौतुक वाटलें नसेल.

इ. स. १८१९ च्या नोव्हेंबरांत ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि बरोबर आठ वर्षें त्या जागीं राहिले. ह्या आठ वर्षांतील कायद्यांचें काम आम्ही थोडक्यांत उरकतों. इलाख्यांतील विखुरलेले नियम एकत्र करून त्यांनीं इ. स. १८२७ सालीं जो संग्रह अंमलांत आणिला तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो, आणि पुढें पिनल कोड येईपर्यंत इकडील फौजदारी न्याय त्याच्या आधारें चालला. सतीची चाल त्यांनीं बंद केली नाहीं. ती मुंबई इलाख्यांत त्यांच्या मागून इ. स. १८३० सालीं बंद झाली. रयतेचा धर्म व रूढी ह्यांस हात लावण्याचें त्यांस फार भय वाटे. हें भय पुढच्या गोष्टीच्या मुळाशीं आहे.

शिक्षण हा त्यांच्या खऱ्या जिव्हाळ्याचा विषय होता. पेशव्यांच्या वेळीं श्रावणमासांत ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. तो पैसा एकदम बंद न करितां त्यांतील कांहीं भाग विद्येकडे वळविला, आणि इ. स. १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. तींत विद्यार्थी ब्राह्मणच असत. मुंबईंत शाळापुस्तकें तयार करण्यासाठीं व शाळा चालविण्यासाठीं जी मंडळी इ. स. १८२२ सालीं स्वतंत्रपणें उभी राहिली तिचे ते अध्यक्ष होते. तिचे चिटणीस कॅप्टन जर्व्हिस, आणि एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे. मोडी शिकून पंतोजीच्या छडीखालीं पाढे घोकण्यापलीकडे त्या वेळच्या गांवठी शाळेंत कांहीं नव्हतें. छापील पुस्तक तर पाहावयासही मिळत नसे. अशा काळांत मराठी भाषेंत गणित, भूगोल, व्याकरण, नीतिकथा ह्यांचीं पुस्तकें छापून निघूं लागलीं.

त्यांच्या तंबूंत मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्स नांवाच्या अंमलदारांनीं हीं कशास असें विचारलें. एल्फिन्स्टन साहेबांनीं उत्तर दिलें कीं, हीं ह्या देशच्या लोकांस शिकविण्यासाठीं आहेत, आणि आम्हां इंग्रजांस युरोपास परत जाण्याचा राजमार्गही हाच आहे. मग असें असतां तुम्ही स्वतःच हें काम कां करितां, असें ब्रिग्स यांस आश्चर्य वाटलें. करणें हें आपलें कर्तव्य आहे, एवढेंच त्यांचें म्हणणें पडलें. इंग्रजी राज्य भर जोरांत असतां त्याचा शेवट ओळखून त्याचीच तयारी करणारा गव्हर्नर आम्हांस दुसरा फारसा माहीत नाहीं.

आतां त्या टिपणाकडे वळूं. इ. स. १८२३-२४ सालीं शिक्षणाविषयीं कौन्सिलपुढें ठेवण्यासाठीं त्यांनीं एक लांब टिपण लिहिलें. शाळा वाढवाव्या, पुस्तकें स्वस्त द्यावीं, गरीब लोकांस शिकण्याचें उत्तेजन द्यावें, युरोपांतील शास्त्रें देशी भाषेंत आणावीं, इंग्रजीचेही वर्ग असावे, असें त्यांत आहे. त्यांचे कौन्सिलर वॉर्डन साहेब ह्यांस हें सर्व मान्य नव्हतें, तरी ह्याच कागदावर इलाख्याच्या शिक्षणाची इमारत उठली. शिक्षणांत धर्माचा अंशही मिसळूं नये असेंही त्यांत स्पष्ट आहे. मिशनऱ्यांस त्याचें वाईट वाटलें. आमच्या मतें सर्व धर्मांच्या रयतेवर राज्य करणाऱ्याच्या तोंडीं तें बोलणें अयोग्य नव्हतें. ते नास्तिक आहेत अशी कुजबूज होती. बिशप हेबर इ. स. १८२५ सालीं मुंबईस येऊन त्यांच्या घरीं राहिले, आणि आपणांस तसें कांहीं आढळलें नाहीं असें त्यांनीं लिहून ठेविलें.

दुःख वाटतें तें दुसऱ्या एका परिच्छेदाचें. अगदीं खालच्या मानलेल्या जातींचीं मुलें सर्वांत चांगलीं शिकतात, असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे, हें एल्फिन्स्टन साहेब तेथें मान्य करितात. आणि लगेच बजावितात कीं, अशा लोकांस विशेष उत्तेजन देतांना सरकारनें जपावें. हे लोक सर्वांत तिरस्कृत आहेत, आणि समाजाच्या मोठ्या विभागांत संख्येनेंही सर्वांत थोड्यांत मोडतात. शिक्षणाचें मूळ आधीं त्यांच्यांत रुजलें तर तें वर पसरणार नाहीं. ज्ञानानें वरचढ पण इतरांच्या द्वेषास पात्र असा एक नवा वर्ग तयार होईल, आणि सरकारास त्याचाच पक्ष घ्यावा लागेल. राज्य केवळ फौजेच्या किंवा थोड्या लोकांच्या प्रीतीच्या बळावर चालवावयाचें असेल तर हें चालेल, परंतु विस्तृत पायावर उभें करावयाचें असेल तर चालणार नाहीं. हा त्या परिच्छेदाचा सारांश होय.

वाचकहो, हा परिच्छेद आम्हीं प्रथम वाचला तेव्हां पुस्तक मिटून ठेविलें. त्यांत शिवी नाहीं, तुच्छताही नाहीं. एक शहाणा राज्यकर्ता शांतपणें हिशेब मांडीत आहे. मूल हुशार आहे हें त्यास ठाऊक आहे, आणि तें हुशार आहे हेंच अडचणीचें कारण झालें आहे! आणि संख्येनें थोडे हें म्हणणें तर आम्हांस मुळींच उमगत नाहीं. ज्यांनीं घोड्यावरून सारा दख्खन पालथा घातला, गांवगाड्याचें इतकें बारीक वर्णन केलें, त्यांस महारवाडा व मांगवाडा नसलेलीं गांवें इतकीं कोठें भेटलीं असावीं? गांवची शीव राखणारा, सरकारचा टपाल पुढच्या गांवीं पोंचविणारा माणूस त्यांच्या छावणींत रोज उभा असेल. तो उंबऱ्याबाहेर उभा राही, म्हणून मोजणींत आला नसावा.

त्यांची बाजूही आम्हीं मांडली पाहिजे. राज्य नुकतेंच हातीं आलेलें, पुण्याचा शिक्षित वर्ग रुष्ट. त्या वर्गानें शाळांस पाठ फिरविली तर सर्वच बुडेल ही भीति खोटी नव्हती. त्यांनीं आमच्या लोकांस शाळाबंदी करणारा हुकूमही काढला नाहीं. पण मोठ्या माणसाच्या सावधगिरीच्या शब्दास त्याच्या मागून येणारे लहान अंमलदार नियमासारखें पाळतात. सरकारी शाळा निघत गेल्या, आणि आमचीं मुलें ओट्यावरही दिसेनात. त्या काळांत जीं कांहीं शिकलीं तीं मिशनच्या शाळांत, आणि पुढें पुण्यास जोतीराव फुले ह्यांनीं महार-मांगांसाठीं काढलेल्या शाळांत.

इ. स. १८२७ सालीं एल्फिन्स्टन साहेब स्वदेशीं जावयास निघाले तेव्हां मुंबईच्या लोकांनीं त्यांच्या स्मरणार्थ मोठा फंड जमविला. त्यांच्या इच्छेस अनुसरून तो शिक्षणाकडे लागला व त्यांतून एल्फिन्स्टन कॉलेज उभें राहिलें. त्यांचा पुतळाही झाला. मुंबईच्या टाऊन हॉलांत तो आम्हीं पाहिला आहे. ते वाटेंत ग्रीस देश पाहत पाहत इ. स. १८२९ सालीं इंग्लंडांत पोंचले. पुढें हिंदुस्थानचें गव्हर्नर-जनरलपद त्यांस दोनदां देऊं केलें, तें त्यांनीं प्रकृतीच्या कारणानें घेतलें नाहीं. सरे परगण्यांत एका खेड्याजवळ पुस्तकांच्या सहवासांत राहून त्यांनीं हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तो इ. स. १८४१ सालीं प्रसिद्ध झाला. ता. २० नोव्हेंबर १८५९ रोजीं ते वारले.

त्यांच्या मरणापूर्वीं तीन वर्षें, म्हणजे इ. स. १८५६ च्या जूनांत, धारवाड येथील एका महार मुलानें मुंबई सरकाराकडे अर्ज केला. फी देण्यास आपण तयार असतां सरकारी शाळेंत आपणांस घेत नाहींत, एवढीच त्याची तक्रार होती. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड एल्फिन्स्टन, आरंभीं सांगितलेले पुतणे. सरकारनें निकाल दिला कीं, न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूस आहे. परंतु एका मुलासाठीं त्यास शाळेंत घुसविलें तर बाकीच्या मोठ्या समाजास ती शाळा निरुपयोगी होईल. काकांनीं लिहिलेला हिशेब तीस वर्षांनंतर पुतण्यांच्या कचेरींत असा पुन्हां मांडला गेला. विलायतेंतील डायरेक्टरांस तो पटला नाहीं, आणि इ. स. १८५८ सालीं मुंबई सरकारास जाहीर करावें लागलें कीं, ज्या शाळांचा सर्व खर्च सरकार करितें त्या सर्व जातींच्या रयतेस सारख्याच खुल्या राहतील. कागदावर खुल्या झाल्या. प्रत्यक्षांत आमच्या आजोबा-पणजोबांपैकीं कित्येक त्यानंतरही व्हरांड्यांत बसूनच शिकले.

त्यानंतर अर्ध्या शतकानें मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत भीमराव आंबेडकर नांवाचा महार मुलगा शिकत होता. एकदां मास्तरांनीं त्यास फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेविलेले आपले फराळाचे डबे विटाळूं नयेत म्हणून दुसरीं मुलें धांवलीं, असें त्यांच्या चरित्रांत आहे. इ. स. १९०७ सालीं तो मुलगा मॅट्रिक झाला आणि पुढच्या वर्षीं एल्फिन्स्टन कॉलेजांत गेला. इ. स. १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें डॉक्टर आंबेडकर ह्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयीं जें निवेदन ठेविलें, त्यांत एल्फिन्स्टन साहेबांचा तो परिच्छेद त्यांनीं शब्दशः उतरून दिला, आणि त्याच्याखालीं धारवाडच्या त्या मुलाचा अर्जही घातला.